बटाट्यात 'निरोप्या' शोधणाऱ्या कमला सोहोनी

दिवाळीच्या खरेदीला सांगलीच्या गणपती पेठेत किंवा साताऱ्याच्या मोती चौकात शिरून बघा. दोन पावलं पटकन पडतात, मग कुणीतरी आडवं येतं आणि वळसा घ्यावा लागतो. चालणं चालूच असतं, पण चौक काही येत नाही. पेशीच्या पटलात रेणूंचं असंच होतं.

पेशीला ऊर्जा देणारं मायटोकॉन्ड्रिया घ्या. त्याच्या आतल्या पटलाच्या वजनात सुमारे तीन-चतुर्थांश प्रथिनंच असतात. या गर्दीत सायटोक्रोम-सी नावाचं छोटंसं प्रथिन पटलाच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉनची ने-आण करतं. ही फेरी थांबली, तर ऑक्सिजन समोर असूनही पेशीला तो वापरता येत नाही.

वनस्पतींच्या पेशींतही हाच निरोप्या आहे, हे बटाट्यावर काम करताना केंब्रिजमध्ये दाखवलं कमला भागवत यांनी. लग्नानंतरच्या कमला सोहोनी, लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या बहीण. जन्म १९११, इंदूर.

१९३३ मध्ये मुंबईतून पदवी घेऊन त्यांनी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी चक्क नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण पहिलं वर्ष चाचणीचं, आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित करायचं नाही, ही वर आणखी अट! वर्षभर त्यांचं काम पाहिल्यावर रामन यांनी मत बदललं आणि इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

१९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेऊन त्या भारतात परतल्या. पुढे मुंबईत त्यांनी ताडाच्या नीरेतली पोषकद्रव्यं तपासली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.