लोकशाहीचा कवी, मृत्यूच्या उशाशी

१८६५ सालच्या जूनअखेरीस वॉशिंग्टनमधील इंडियन ब्यूरो या सरकारी कचेरीतील एका सेहेचाळीस वर्षांच्या कारकुनाला नोकरीवरून दूर करण्यात आले. कामात कसूर झाली होती, असे नव्हे. त्याने लिहिलेला कवितासंग्रह जेम्स हार्लन या खात्याच्या मंत्र्याला अश्लील वाटला, एवढेच. मित्रांनी रदबदली करून त्याला लगोलग अॅटर्नी जनरलच्या कचेरीत चिकटवून दिले. हा कारकून म्हणजे वॉल्ट व्हिटमन. अमेरिकन लोकशाहीचा महाकवी म्हणून आज ज्याचे नाव घेतले जाते, त्याची त्या लोकशाहीच्या दप्तरी झालेली ही पहिली ठळक नोंद!

घरे बांधणाऱ्या एका सुताराचा हा मुलगा १८१९ मध्ये लाँग आयलंडवर जन्मला. अकराव्या वर्षी शाळा सुटली. पुढे छापखान्यात खिळे जुळवणे, खेडोपाडी मास्तरकी आणि अखेर वृत्तपत्रे, असा त्याचा प्रवास झाला. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देण्यास विरोध केल्यामुळे १८४८ मध्ये 'ब्रुकलिन ईगल' या दैनिकाचे संपादकपद त्याला गमवावे लागले.

१८५५ मध्ये 'लीव्हज ऑफ ग्रास' निघाले. कविता अवघ्या बारा, प्रती सातआठशे; काही पानांचे खिळे कवीने स्वहस्ते जुळवलेले. मुखपृष्ठावर त्याचे नाव नव्हते. होते ते आत, कामकऱ्याच्या वेषातले चित्र. यमक आणि वृत्त दोन्ही झुगारून दिलेल्या लांबलचक ओळींतून एक 'मी' बोलत होता. नावाडी, सुतार, वेश्या, पळून आलेला गुलाम हे सारे त्या 'मी'त एकाच पंगतीला बसलेले होते. हा अहंकार नव्हता काय? होताच. आपल्याच पुस्तकाची स्तुतिपर परीक्षणे त्याने निनावी लिहिली. इमर्सनने खाजगीरीत्या पाठविलेले प्रशंसापत्र न विचारता छापले. तेव्हा या 'मी'ला सर्वांना सामावून घेण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न रास्तच होता. त्याचे उत्तर कवितेने नव्हे, यादवी युद्धाने मागितले.

१८६२ च्या डिसेंबरात फ्रेडरिक्सबर्गच्या जखमींच्या यादीत धाकट्या भावाचे नाव वाचून व्हिटमन आघाडीकडे धावला. भावाची जखम किरकोळ निघाली. परंतु इस्पितळाबाहेर, एका झाडाखाली, कापलेल्या हातापायांचा ढीग त्याने पाहिला. मग तो वॉशिंग्टनलाच राहिला. सैन्याच्या पगार कचेरीत काही तास नकला करायच्या आणि उरलेला वेळ इस्पितळांत घालवायचा, असा त्याचा क्रम झाला. संत्री, तंबाखू, लिहिण्याचे कागद घेऊन तो खाटेखाटेपाशी जाई. अशक्त पोरांची घरची पत्रे लिहून देई. मरणाऱ्याचा हात धरून रात्र काढी. उत्तरेचा शिपाई आणि दक्षिणेचा शिपाई यांत त्याने भेद केला नाही. सुमारे सहाशे फेऱ्या आणि ऐंशी हजार ते एक लाख रुग्ण, असा त्याचा स्वतःचा हिशेब. आकडा फुगलेला मानला, तरी काम फुगवलेले नव्हते. समता ही घोषणा म्हणून सोपी असते. कुजणाऱ्या जखमेच्या उशाशी बसून ती पाळणे वेगळे.

१८६५ च्या एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला. ज्या अध्यक्षाला व्हिटमनने रस्त्यात अनेकदा पाहिले, पण ज्याच्याशी तो कधी बोलला नाही, त्याच्यावर त्याने दीर्घ विलापिका लिहिली. तीत लिंकनचे नाव एकदाही येत नाही. एका शवपेटीवर लायलॅकची डहाळी वाहताना कवी सर्वच शवपेट्यांवर फुले वाहू लागतो आणि निनावी शिपाई अध्यक्षाच्या बरोबरीला येतो. माझ्या मते त्याची लोकशाही याहून उंच कुठे गेलेली नाही.

नागरिक म्हणून मात्र तो या उंचीवर टिकला नाही. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराविषयी तो साशंकच राहिला. उतारवयातील संभाषणांत त्यांच्याबद्दलचे त्याचे उद्गार क्लेशदायक आहेत. १८७१ च्या 'डेमोक्रॅटिक व्हिस्टाज' या गद्य ग्रंथात त्याने युद्धोत्तर अमेरिकेतील लाचखोरीवर आणि धनलोभावर कठोर कोरडे ओढले, परंतु मताधिकाराच्या या प्रश्नाला तेथेही तो सरळ भिडला नाही. त्याच्या कवितेच्या पंगतीला जे बसले होते, त्यांना मतपेटीपाशी नेताना कवीचे पाऊल अडखळले.

१८७३ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला. त्याच वर्षी आई गेली. पुढची वर्षे न्यू जर्सीतील कॅमडेन येथे, त्याच एका ग्रंथात भर घालण्यात आणि फेरफार करण्यात गेली. बारा कवितांच्या पुस्तकात अखेरीस सुमारे चारशे कविता झाल्या. २६ मार्च १८९२ रोजी तो वारला. हजाराहून अधिक माणसे अंत्यदर्शनाला आली. गवताच्या पात्यांत आपण मिसळून जाऊ असे सांगणाऱ्या या कवीने मरणापूर्वी स्वतःसाठी ग्रॅनाइटचे भक्कम थडगे बांधवून घेतले होते. त्यात त्याने आईवडिलांसाठीही जागा ठेवली होती आणि कपाळपट्टीवर नाव कोरवले होते ते आपलेच.