परळच्या दोन खोल्यांतील संसार : माता रमाबाई आंबेडकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्यांची नामावली शाळेतील मुलेही अभिमानाने सांगतात. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. या पदव्या मिळत होत्या त्या काळात मुंबईतील घरी चूल कशी पेटत होती, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. ते जाणून घ्यायचे तर रमाबाईंचे चरित्र पाहावे लागते.

रमाबाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी कोकणात दापोलीजवळील वणंद या गावी झाला. वडील दाभोळ बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि आप्तांनी भावंडांना मुंबईस आणले. भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार आटोपून गाळे रिकामे झाल्यावर, रात्री त्यांचा विवाह झाला. वधू नऊ-दहा वर्षांची होती. वर सुभेदार रामजी सकपाळ यांचा धाकटा मुलगा भीमराव.

रामजींचे घर म्हणजे परळच्या गिरणगावातील चाळीची एक खोली होती. स्वयंपाक, झोपणे, अभ्यास, पाहुण्यांची ऊठबस सारे तेथेच चाले. सैन्यातून निवृत्त झालेल्या सुभेदारांचे निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. परंतु मुलाला पुस्तक हवे असेल तर ते विवाहित मुलींकडे जात, त्यांचा दागिना गहाण ठेवून पैसे आणीत आणि पुढील महिन्याचे वेतन हाती आल्यावर तो सोडवून परत करीत. रात्री गलका शांत झाल्यावर मुलाला अभ्यास करता यावा म्हणून ते दोन वाजेपर्यंत जागून त्याला उठवीत आणि मग स्वतः झोपत. पोट मारून विद्या मिळवायची, ही या घराची रीत होती. रमाबाई सून म्हणून आल्या त्या या रीतीत.

सुभेदार २ फेब्रुवारी १९१३ रोजी निवर्तले. त्याच वर्षी बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव अमेरिकेस गेले. रमाबाईंचे वय तेव्हा पंधरा वर्षांचे होते आणि पदरी काही महिन्यांचा यशवंत होता. पती परतले ते १९१७ च्या ऑगस्टमध्ये. मधल्या चार वर्षांत घरात हक्काची मिळकत जवळजवळ नव्हती. शिष्यवृत्तीची रक्कम परदेशातील शिक्षणापुरती होती. त्यातूनही बाबासाहेब जमेल तेवढे वाचवून घरी पाठवीत. उरलेली तोंडमिळवणी रमाबाईंना करावी लागे.

त्या काळची मुंबई गरिबाला परवडणारी नव्हती. १९११ च्या शिरगणतीनुसार शहरातील दोनतृतीयांशांहून अधिक लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. महायुद्धामुळे धान्य आणि कापड महागले. भाडी तर इतकी वाढली की १९१८ साली सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. अस्पृश्य कुटुंबासाठी याहूनही मोठी अडचण होती. हातात भाडे असूनही जागा मिळेलच असे नव्हते. विदेशातून विद्या संपादून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला घर मिळाले नाही. नाव लपवून घेतलेल्या पारशी विश्रामगृहातील खोलीतून लोकांनी त्यांना बाहेर काढले. अशा स्थितीत प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने परळला बांधलेल्या चाळीतील दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या हाच या कुटुंबाचा आधार होता.

१९१८ च्या नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वेतन दरमहा ४५० रुपये होते. आता चार दिवस सुखाचे येतील, असे कोणत्याही गृहिणीला वाटले असते. परंतु लंडनचे शिक्षण अपुरे राहिले होते आणि ते पुरे करण्यासाठी पैसा साठवणे भाग होते. म्हणून चाळ सुटली नाही आणि राहणीही बदलली नाही. घरखर्चासाठी ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती येई आणि तीत थोरल्या जाऊबाई लक्ष्मीबाई व पुतण्या मुकुंद यांच्यासह सर्वांचे भागवायचे असे. साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५००० रुपयांचे कर्ज एवढ्या बळावर १९२० च्या जुलैमध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. तेथे ते अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढीत होते आणि इकडे परळला रमाबाई तीच तपश्चर्या करीत होत्या. एकाच विद्येसाठी दोन घरे काटकसर करीत होती.

या काटकसरीचे गुणगान करताना तिची किंमत विसरता येत नाही. रमाबाईंना पाच अपत्ये झाली. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार अपत्ये बालवयातच गेली. १९२६ च्या जुलैमध्ये सर्वांत धाकटा राजरत्न गेला, तेव्हा बाबासाहेब खचून गेले होते. एक यशवंत तेवढा वाचला. दाटीची वस्ती आणि औषधपाण्याला न पुरणारा पैसा यांचा भार त्या काळी असंख्य घरांतील बालकांवर पडत असे. ज्ञानाचा ध्यास घेतलेले हे घरही त्यातून सुटले नाही. रमाबाईंची प्रकृतीही याच वर्षांत ढासळली.

१९२३ साली बॅरिस्टर होऊन परतल्यावरही अस्पृश्य वकिलाकडे येणारे पक्षकार थोडे होते. १९२५ ते १९२८ या काळात बाबासाहेबांनी एका खासगी लेखाशिक्षण संस्थेत अर्धवेळ अध्यापन करून घर चालवले. बहिष्कृत हितकारिणी सभा, महाडचा सत्याग्रह, वृत्तपत्रे यांत त्यांचा दिवस सरे. मिळकतीचा वाटा पुस्तकांकडे आणि चळवळीकडे जाई. घराचा व्यवहार रमाबाई पाहत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या स्त्रीने पतीच्या प्रोत्साहनाने घरीच लिहिणे-वाचणे शिकून घेतले होते.

पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले. सुशिक्षितांच्या त्या वस्तीतील प्रशस्त वास्तूत ग्रंथांना मानाची जागा मिळाली. रमाबाईंना मात्र तेथील सुख फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्यांनी तेथेच देह ठेवला. काही वर्षांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि मित्र नसलेल्या, विवंचनेच्या दिवसांत त्यांनी दिलेल्या साथीची त्यात कृतज्ञतेने नोंद केली. परळच्या चाळीत वाढलेले यशवंतराव पुढे भारतीय बौद्ध महासभेचे अध्यक्ष झाले.

महागड्या शहरात बेताच्या मिळकतीवर मुलांना शिकवणारे आईवडील आजही घरोघरी आहेत. शुल्काची पावती वडिलांच्या नावाची असते, प्रमाणपत्र मुलाच्या नावाचे असते. महिनाअखेर ज्या हातांनी डब्यातील धान्य पुरवून पुरवून वापरले, त्यांची नोंद कोठेच होत नाही. रमाबाईंचे चरित्र ही नोंद करायला शिकवते. मुलांच्या यशाचा आनंद साजरा होताना त्या हातांची आठवण ठेवली जावी आणि त्यांच्या औषधपाण्याची, विश्रांतीची काळजी त्यांच्या हयातीतच घेतली जावी, एवढे तरी या माउलीचे ऋण आपण मानले पाहिजे.