मारिया मॉन्टेसरी : वेड्यांच्या इस्पितळातून सुरू झालेली शाळा

मॉन्टेसरी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? रंगीत ठोकळे, मण्यांच्या माळा आणि भरमसाट फी घेणारी बालवाडी. पण ही पद्धत मुळात ज्या मुलांमुळे जन्माला आली, ती कोणत्याच शाळेत न घेतलेली, बौद्धिक अक्षमता असलेली मुलं होती. विशेष मुलांचे पालक आणि त्यांना वर्गात सामावून घेणारे आपण शिक्षक, दोघांनीही मारियाबाईंच्या आयुष्याचा हा भाग जरूर वाचावा.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतल्या किआराव्हाले या गावी झाला. मुलीने शिक्षिका व्हावं असं वडिलांना वाटे, पण तिने डॉक्टरकी निवडली. मुलांसोबत शवविच्छेदन चालणार नाही म्हणून तिला ते काम वेळेनंतर एकटीने करावं लागे. १८९६ मध्ये रोम विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळाली आणि विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात त्या सहायक म्हणून काम करू लागल्या.

या कामासाठी त्यांना रोममधल्या वेड्यांच्या इस्पितळांत जावं लागे. तेव्हा मतिमंद ठरवलेली मुलंही तिथेच मोठ्या रुग्णांबरोबर कोंडलेली असत. एका ठिकाणचा प्रसंग सांगतात. जेवण झालं की मुलं जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे गोळा करत. सांभाळणारी बाई किळस करून म्हणे, ही हावरट आहेत. मारियाबाईंनी खोलीकडे पाहिलं. खोलीत हातात धरायला एकही वस्तू नव्हती! खेळणं नाही, काही नाही. मुलांच्या बोटांना काहीतरी काम हवं होतं आणि त्यांना मिळत होते फक्त ते तुकडे.

आज आपण विशेष मुलांसाठी सकारात्मक वर्तन साहाय्य म्हणतो, त्याची पहिली पायरी हीच ना? मूल विचित्र वागलं की आधी विचारायचं, या वागण्यातून त्याला काय मिळतंय? आणि आजूबाजूला काय कमी आहे? ही संज्ञा त्या काळी नव्हती, पण नजर तीच होती.

मग त्यांनी इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचं लेखन शोधून काढलं. इतार यांनी एव्हेरॉनच्या जंगलात सापडलेल्या मुलाला शिकवायचा प्रयत्न केला होता आणि सेगँ त्यांचे शिष्य. मारियाबाईंनी त्यांची पुस्तकं इटालियन भाषेत स्वतःच्या हाताने उतरवून काढली. १८९८ मध्ये तुरीनच्या शिक्षण परिषदेत त्यांनी ठामपणे मांडलं, की या मुलांचा प्रश्न औषधापेक्षा शिक्षणाचा आहे. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी संस्था निघाली. तिथे डॉ. मोंतेसानो यांच्यासोबत त्यांनी जबाबदारी घेतली. सकाळी आठ ते संध्याकाळी सात त्या स्वतः मुलांना शिकवत आणि रात्री नोंदी काढत.

इथलं एक उदाहरण मला फार आवडतं. अकरा वर्षांच्या एका मुलीला शिवण काही केल्या जमेना. सुई वर-खाली कशी घालायची हेच कळेना. आपण काय केलं असतं? पुन्हा सुई हातात दिली असती, नाहीतर रागावलो असतो. मारियाबाईंनी शिवण बाजूला ठेवलं आणि तिला कागदाच्या पट्ट्या एकीवरून एकीखालून घालून चटई विणायला दिली. ते जमल्यावर परत सुई दिली, आणि मुलगी रफू करू लागली. हाताची हालचाल आधी तयार झाली होती, म्हणून!

अक्षरांचंही तसंच. लाकडी अक्षरं करवून घेतली, स्वर लाल, व्यंजनं निळी. मुलं त्यांवरून बोट फिरवत. यातली काही मुलं पुढे साध्या शाळेतल्या मुलांसोबत वाचन-लेखनाच्या परीक्षेला बसली आणि पास झाली. लोकांनी कौतुक केलं. मारियाबाईंना वेगळाच प्रश्न पडला, मग धडधाकट मुलं शाळेत इतकी मागे का?

याच प्रश्नातून ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. तिथे त्यांना दिसलं, की शिक्षा म्हणून बसवून ठेवलेल्या मुलाला बक्षिसाच्या पदकाचं अप्रूप होतं. ज्याला ते मिळालं होतं, त्याला स्वतःच्या कामापुढे त्याची फिकीरच नव्हती. म्हणून शिक्षा आणि बक्षीस दोन्ही त्यांनी काढून टाकलं. इथे माझं मत थोडं वेगळं आहे. आपल्या काही विशेष मुलांना सुरुवातीला एखादी टाळी, एखादा स्टार लागतोच. पण काम आवडीचं आणि झेपणारं असेल तर स्टार हळूहळू कमी करता येतो, हे मात्र खरं.

१९३९ मध्ये त्या मुलगा मारिओसह मद्रासला अड्यार येथे प्रशिक्षण द्यायला आल्या. दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रुराष्ट्र ठरलं आणि १९४० मध्ये मारिओंना इंग्रज सरकारने आपल्या अहमदनगरच्या छावणीत ठेवलं. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्यांची सुटका झाली. युद्ध संपेपर्यंत दोघं भारतातच शिक्षक घडवत राहिले. ६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समध्ये मारियाबाईंचं निधन झालं.