विश्लेषण : कायदा होता, तरी यमूचं केशवपन का झालं? ह. ना. आपटे आणि 'पण लक्षात कोण घेतो'ची गोष्ट

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे आमच्या गडमुडशिंगीपासून गडचिरोलीपर्यंत कागद सगळीकडे गेला. पण दारात मयत असताना, भावकी जमलेली असताना, तो कागद वाचून दाखवायचा कोणी?

कायदा आणि घर यांच्यातलं हे अंतर मराठीत सगळ्यात आधी नीट मोजलं ते एका कादंबरीकाराने. तेव्हा त्याचं वय होतं अवघं २६. नाव हरी नारायण आपटे.

कोण होते हरिभाऊ?

जन्म ८ मार्च १८६४, खानदेशातल्या पारोळ्याचा. आई लहानपणीच गेली. बालपण मुंबईत आणि पुढचं सगळं आयुष्य पुण्यात गेलं. काका महादेव चिमणाजी आपटे हे मुंबई हायकोर्टातले नामांकित वकील. संस्कृत पोथ्या जपण्यासाठी आणि छापण्यासाठी त्यांनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली. तिचा कारभार पुढे हरिभाऊंनीच पाहिला.

शाळा न्यू इंग्लिश स्कूल. चिपळूणकर, टिळक, आगरकर असे तिघंही मास्तर एकाच शाळेत मिळण्याचं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आलं. चिपळूणकर १८८२ मध्ये वारले तेव्हा या विद्यार्थ्याने त्यांच्यावर विलापिका लिहिली आणि तिची चर्चाही झाली. कॉलेजात मात्र गणित आडवं आलं आणि पदवी राहून गेली. (चार वर्षं इंजिनीअरिंगचं गणित सोसलेल्या प्रस्तुत लेखकाला याबद्दल पूर्ण सहानुभूती आहे.)

लग्न १८७९ मध्ये झालं, तेव्हा हरिभाऊ पंधरा वर्षांचे होते. एकत्र कुटुंब, जुन्या वळणाचं घर. बायकोला शिकवायचं तर घरातल्या वडीलधाऱ्यांची मर्जी सांभाळावी लागे. पुढे कादंबरीत आलेलं घर त्यांनी कुठल्या ग्रंथालयात शोधलेलं नव्हतं.

पहिली कादंबरी उसनवारीची

त्या काळी इंग्रजी शिकलेल्या तरुणांना रेनॉल्ड्स या लेखकाने वेड लावलं होतं. लंडनच्या गल्लीबोळांतली रहस्यं आणि भानगडी असा त्याचा मसाला. हरिभाऊंची १८८५ ची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' त्याच्याच आधाराने उभी राहिली, फक्त लंडनच्या जागी पुणं आलं. मात्र पुढच्या पाचच वर्षांत हा लेखक स्वतःच्या पायावर उभा राहिला. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येऊ लागली.

काळ कसा होता?

विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता. म्हणजे हरिभाऊ लिहायला बसले तेव्हा कायद्याला ३४ वर्षं झाली होती आणि ब्राह्मण घरांतल्या विधवांचं केशवपन सुरूच होतं. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. १८९० मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असं ठरवलं. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून पुणं पेटलं. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायचं, एवढाच तो बदल. टिळक विरोधात, आगरकर बाजूने. हरिभाऊंचे दोन गुरू समोरासमोर उभे होते.

हरिभाऊ स्वभावाने मवाळ. मनाने ते सुधारकांच्या बाजूचे, पण 'सुधारक'सारखा आसूड त्यांच्या हातात शोभला नसता. त्यांनी साप्ताहिकाचं नावच 'करमणूक' ठेवलं आणि वादाचा विषय गोष्टीतून थेट माजघरात नेला.

यमूचं काय होतं?

गोष्ट यमुना स्वतः सांगते. आई मायाळू, वडील तापट, भाऊ जिवाला जीव देणारा. लग्नानंतर नशीब उघडतं. नवरा रघुनाथराव तिला लिहायला-वाचायला शिकवतो, मुंबईत दोघांचा संसार फुलतो. मग तो मरतो. यमू सासरच्या ताब्यात येते आणि शंकरमामंजी नावाचा दांभिक नातलग बळजबरीने तिचं केशवपन घडवून आणतो. त्या धक्क्यातून ती उठत नाही.

या गोष्टीत दरोडेखोर किंवा सैतान नाही. वडीलधारे आहेत, रीत आहे, चार लोक काय म्हणतील ही धास्ती आहे. यमूला मारायला तेवढं पुरतं. कायदा तिच्या बाजूचा आहे, पण वाड्याचं दार आतून बंद आहे.

शिवाय यमू हे सगळं लिहू शकते, कारण नवऱ्याने तिला अक्षरं शिकवली. ती निरक्षर असती तर ही कहाणी दुसऱ्या कोणाला तरी कळवळून सांगावी लागली असती. स्त्रीशिक्षण हवं, असं वेगळं भाषण हरिभाऊंना द्यावंच लागत नाही. वाचणाऱ्याच्या हातातलं पानच ते काम करतं. माझ्या मते कादंबरीची खरी ताकद इथे आहे. मधले पाल्हाळ आज वाचताना दम काढतात, हेही खरं.

टेस आणि यमू

योगायोग असा की त्याच वेळी, १८९१ मध्ये, इंग्लंडमध्ये टॉमस हार्डीची टेसही साप्ताहिकातूनच वाचकांसमोर येत होती. गरीब घरातली मुलगी, फसवणूक तिची झालेली आणि डागही तिलाच लागलेला. शेवटी फाशी. कुटुंबात वाचलं जाणारं साप्ताहिक म्हणून हार्डीला काही प्रसंग गाळावे लागले, ते पुस्तकात परत आले. हरिभाऊंना ही अडचण नव्हती. संपादक तेच होते.

मराठीतलीच तुलना करायची तर बाबा पदमनजींची १८५७ ची 'यमुनापर्यटन' पाहावी. त्याही यमुनेला वैधव्य येतं, पण तिला पुनर्विवाहाची वाट मिळते. लेखकाकडे उपाय तयार होता. हरिभाऊंनी आपल्या यमूला अशी वाट दिली नाही, आणि म्हणून ती वाचकाच्या मानेवर बसते.

पुढे काय?

पुढची पंचवीस वर्षं ते लिहीत राहिले. 'मी', 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला', विजयनगरच्या अखेरीवरची 'वज्राघात'. मराठी लघुकथेची सुरुवातही त्यांच्या 'स्फुट गोष्टीं'पासून मानतात. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. पुणे नगरपालिकेचा कारभारही त्यांनी पाहिला. ३ मार्च १९१९ रोजी ते वारले, पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना.

त्याआधीच, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता. दुसऱ्याच वर्षी त्यांचा धाकटा मुलगा शिवाजी शिकारीत अपघाताने गेला. मागे राहिली अकरा वर्षांची सून, इंदुमती. महाराजांनी तिला वाड्याच्या चालीरीतींपासून दूर सोनतळीला ठेवलं आणि तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. पुढे याच इंदुमतीदेवींनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी काम उभं केलं.