जमशेटजींची नवी चाती

वर्धा जिल्ह्यातील नाचणगाव हे कापसाच्या मुलखातील गाव. पुलगावचे रेल्वेस्थानक तेथून जवळच आहे. दिवाळीच्या सुमारास या शिवारातील बोंडे फुटू लागतात, वेचणी सुरू होते आणि पांढराशुभ्र कापूस बाजाराची वाट धरतो. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी या भागातील कापसाचा प्रवास फार लांबचा असे. गासड्या बांधून तो मुंबईस जाई, मुंबईहून जहाजात बसून विलायतेस जाई आणि तेथील गिरण्यांत त्याचे कापड होऊन ते पुन्हा याच देशात विकावयास येई. जेथे कापूस पिकतो तेथेच गिरणी घालावी, हा विचार तेव्हा बहुतेकांना वेडेपणाचा वाटे. तो विचार ज्यांनी खरा करून दाखविला, त्या जमशेटजी नसरवानजी टाटा यांना तो भरभराटीच्या दिवसांत सुचला नाही. व्यापार बुडाल्यानंतरच्या वर्षांत त्याचे बीज पडले.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. त्यांचे घराणे पारशी धर्मोपदेशकांचे होते. परंतु वडील नसरवानजी यांनी मुंबईस येऊन व्यापार आरंभिला होता. मुलासही त्यांनी मुंबईस आणले. एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण १८५८ मध्ये पुरे होताच जमशेटजी वडिलांच्या पेढीत शिरले आणि लौकरच व्यापारासाठी हाँगकाँगला गेले.

इकडे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. विलायतेतील गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरताच तो कापूस बंद झाला आणि सर्वांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. कापसाचे भाव चढत गेले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. रोज नव्या पेढ्या व नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे शेअर मूळ किंमतीच्या अनेक पटींनी विकले जाऊ लागले. जमीन अजून पाण्याखालीच होती. पण तिच्यावर लोक श्रीमंत होत होते! कारकुनापासून सावकारापर्यंत सारे शहर सट्ट्याच्या नादी लागले.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येणार, हे कळताच भाव धडाधड कोसळले. जुलै महिन्यात मुंबईत देण्याघेण्याचा दिवस आला, तेव्हा घराघरांतून दिवाळ्याच्या वार्ता ऐकू येऊ लागल्या.

या वेळी जमशेटजी लंडनमध्ये होते. तेथे हिंदी व्यापाऱ्यांची एक बँक काढावी, या हेतूने ते गेले होते. त्यांच्याजवळ कापसाच्या हुंड्या होत्या आणि त्या हुंड्यांची किंमत आता कागदाएवढीच उरली होती. वय अवघे सव्वीस वर्षांचे, परका देश, दारात सावकार. अशा वेळी पळ काढणारे पुष्कळ निघाले. जमशेटजींनी सावकारांना एकत्र करून सारा हिशेब त्यांच्यापुढे उघडा ठेवला. त्यांच्या सचोटीचा असा परिणाम झाला की, सावकारांनी पेढीची निरवानिरव करण्याचे काम त्यांच्यावरच सोपविले आणि त्याबद्दल त्यांना मासिक वेतन ठरवून दिले. आपल्याच बुडालेल्या पेढीचे नोकर म्हणून त्यांनी ते दिवस काढले. त्या काळात त्यांना विलायतेतील कापडधंदा जवळून पाहावयास मिळाला. मुंबईत कापसाच्या भावावर पैसा लागत होता. येथे कापसाचे सूत होत होते. भाव पडले म्हणून ती यंत्रे थांबली नव्हती.

पुढे अ‍ॅबिसिनियाच्या मोहिमेवर गेलेल्या इंग्रज फौजेस सामान पुरविण्याच्या मक्त्यात नसरवानजींना लाभ झाला आणि घराण्याची घडी पुन्हा बसली. १८६८ मध्ये जमशेटजींनी एकवीस हजार रुपये भांडवलावर स्वतःची पेढी काढली. दुसऱ्याच वर्षी चिंचपोकळी येथील एक बुडीत निघालेली तेलाची गिरणी त्यांनी विकत घेतली आणि तिची सुताची गिरणी केली. दोन वर्षांत ती चांगल्या नफ्याने विकून ते पुन्हा विलायतेस गेले. या खेपेस लँकेशायरच्या गिरण्यांचा नीट अभ्यास करण्यासाठी.

परत आल्यावर मुंबईत गिरणी घालणे त्यांना सोपे होते. परंतु त्यांनी नागपूर निवडले. १८६७ मध्ये रेल्वे पुलगाव व वर्धा या वाटेने नागपूरपर्यंत येऊन पोहोचली होती. भोवताली कापूस होता, वरोऱ्याच्या बाजूस कोळसा सापडत होता आणि जमीन स्वस्त होती. मग कापूस पाचशे मैल नेऊन कापड पाचशे मैल परत का आणावे? १८७४ मध्ये पंधरा लाख रुपये भांडवलाची कंपनी स्थापन झाली. नागपुरातील जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेऊन तीत भराव घालण्यास सुरुवात झाली. तेथील एका सावकाराने, जमशेटजी जमिनीत सोने पुरीत आहेत असे समजून, भांडवल देण्याचे नाकारले, असे सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. त्याच दिवशी ही गिरणी सुरू झाली आणि तिचे नाव एम्प्रेस मिल असे पडले.

आरंभ मात्र चांगला झाला नाही. सुमारे तीस हजार चात्या व साडेचारशे माग बसविलेले होते. पण काटकसर करण्याच्या हेतूने आणलेली ती यंत्रे हलक्या प्रतीची निघाली. सूत वारंवार तुटे, काम थांबे, शेअरांचा भाव उतरे. जमशेटजींनी आपली चूक ओळखली आणि नफा वाटून टाकण्याऐवजी चांगल्या यंत्रांवर पैसा खर्च केला. व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी मेहता यांना नेमले होते. हे गृहस्थ रेल्वेच्या नोकरीतून आलेले. गिरणीचा अनुभव त्यांना मुळीच नव्हता. यंत्रांचे काम ब्रूक्सबी नावाचे इंग्रज तज्ज्ञ पाहत.

याच सुमारास अमेरिकेतील रिंग पद्धतीच्या चातीकडे जमशेटजींचे लक्ष गेले. ही चाती काय करते, हे समजण्यास आपली टकळी आठवावी. टकळीवर सूत काढताना प्रथम पेळूतून धागा ओढून त्यास पीळ द्यावा लागतो. मग हात थांबवून तो गुंडाळावा लागतो. पीळ देताना गुंडाळता येत नाही आणि गुंडाळताना पीळ देता येत नाही. विलायतेतील म्यूल नावाच्या यंत्राचा न्याय हाच होता. शेकडो चात्यांचा गाडा पुढे सरकताना धागा ताणून त्यास पीळ देई आणि मागे येताना सूत गुंडाळी. रिंग पद्धतीत चातीभोवती एक पोलादी कडे असते आणि त्या कड्यावर तारेची एक चिमुकली अकडी बसविलेली असते. चाती फिरू लागली की धागा त्या अकडीस कड्यावरून ओढीत नेतो. पण अकडी चातीपेक्षा किंचित मागे पडते. तिच्या फिरण्याने धाग्यास पीळ बसतो आणि मागे पडण्याने सूत आपोआप गुंडाळले जाते. दोन्ही कामे एकाच वेळी, न थांबता!

लँकेशायरला ही युक्ती ठाऊक नव्हती असे नाही. परंतु तेथे म्यूल यंत्रांत अमाप पैसा गुंतला होता, ती चालविणारे वाकबगार कामगार पिढ्यानुपिढ्या तयार होते आणि तलम सुतास ते यंत्र उत्तमही होते. जे चालले आहे ते मोडण्याचे त्यांना कारण दिसेना. नागपुरात असले वाकबगार कामगार नव्हते आणि येथील आखूड धाग्याच्या कापसाचे सूत जाडेभरडे निघे. नव्या यंत्राला हातकौशल्य कमी लागत असे. जमशेटजींनी दोन यंत्रे आणवून नागपुरात त्यांची कसोटी पाहिली. परिणाम इतका चांगला आला की, त्यांनी हळूहळू सारी गिरणीच रिंगवर आणावयास घेतली. विलायतेतील बहुतेक गिरण्या पुढे कित्येक वर्षे म्यूल यंत्रालाच धरून राहिल्या.

यानंतरही त्यांचा मार्ग सरळ झाला नाही. १८८६ मध्ये कुर्ल्याची धरमसी मिल स्वस्तात मिळते म्हणून त्यांनी घेतली आणि तिचे नाव स्वदेशी ठेवले. ती आतून पोखरलेली निघाली. स्वस्त यंत्रांचा धडा नागपुरात शिकलेल्या मनुष्यास तोच धडा दुसऱ्यांदा शिकावा लागला! शेअरांचे भाव गडगडले, लोक विश्वास ठेवीनात. तेव्हा जमशेटजींनी स्वतःची संपत्ती त्यात ओतली, नागपुरातील अनुभवी माणसे तेथे आणली, जुनी यंत्रे काढून टाकली आणि काही वर्षांत ती गिरणी उभी केली. त्याच वर्षी नागपूरच्या कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला. पुढे १८९५ मध्ये कामावर अपघात झालेल्यांना भरपाई मिळण्याची सोय झाली. तसा कायदा या देशात पुष्कळ नंतर झाला.

नागपूरच्या वास्तव्यामुळेच त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट घर करून बसली. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे उत्तम लोहखनिज असल्याचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल १८८२ मध्ये त्यांनी वाचला. वरोऱ्याचा कोळसा लोखंड गाळण्यास उपयोगी पडेना, म्हणून ते काम अडले. पण त्यांनी तो अहवाल विसरून दिला नाही. १९०२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, पोलादाचे कारखाने पाहण्यासाठी ते अमेरिकेस गेले. विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी तीस लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली होती. सह्याद्रीच्या पाण्यापासून वीज काढून मुंबईच्या गिरण्या चालविण्याची योजनाही त्यांच्यासमोर होती.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले. त्या दिवशी यांपैकी एकही काम उभे नव्हते. बंगळूरची विज्ञानसंस्था १९०९ मध्ये स्थापन झाली, साकची येथील कारखान्यात पोलाद १९१२ मध्ये तयार झाले आणि खोपोलीची वीज १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली.