खुर्ची सोडणारे चिंतामणराव

दर वर्षी स्मरणिकेसाठी माझ्याकडे आरोग्यावर लेख मागितला जातो आणि मी इमानेइतबारे मधुमेह नाहीतर रक्तदाब यावर लिहून देतो. या वर्षी विषय बदलला तो माझ्या मुलीमुळे. केंद्र सरकार आणि राज्ये यांच्या अधिकारांवर तिला शाळेत निबंध लिहायचा होता. जेवताना तिने विचारले, की भारतात दिल्लीच्या सरकारला, त्यातही सरकारात बसून, नाही म्हणणारे कुणी होते का? मला आठवले चिंतामण द्वारकानाथ देशमुख. बाप्पाच्या उत्सवात चिंतामणरावांची आठवण निघावी, हा योगही छान.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावचा. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजला शिकून १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेतही पहिला क्रमांक पटकावला. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर झाले. एवढ्या व्यापात त्यांनी कालिदासाचे मेघदूत मराठी पद्यात आणले, हे ऐकून माझी मुलगी चाटच पडली.

१९५० मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९५२ मध्ये आपल्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले. पंडित नेहरूंशी त्यांचे संबंध जिव्हाळ्याचे होते. घटना समितीच्या सदस्य राहिलेल्या दुर्गाबाईंशी १९५३ मध्ये त्यांचा नोंदणी विवाह झाला, तेव्हा साक्षीदार म्हणून नेहरूंनी सही केली होती.

मग आला मुंबईचा प्रश्न. भाषावार प्रांतरचना होत असताना मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जानेवारी १९५६ मध्ये जाहीर झाला. म्हणजे साधारण आपल्या वॉशिंग्टन डीसीसारखी अवस्था. मुंबई पेटली आणि पोलिसांच्या गोळीबारात अनेक माणसे गेली. या गोळीबाराची चौकशी व्हावी असे देशमुखांचे म्हणणे होते, पण सरकारने ती केली नाही. जूनमध्ये नेहरूंनी मुंबईतल्याच काँग्रेसच्या बैठकीत केंद्राच्या ताब्याचा निर्णय पुन्हा जाहीर केला.

जुलै १९५६ मध्ये देशमुखांनी राजीनामा दिला. लोकसभेतल्या निवेदनात त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. एक म्हणजे महाराष्ट्रावर अन्याय होतो आहे. दुसरी, आणि मला जास्त महत्त्वाची वाटणारी, म्हणजे एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला रीतसर न विचारता जाहीर झाला. त्यावर नेहरूंनी, धोरण जाहीर करण्याचा अधिकार पंतप्रधानाला असतो, अशी आपली बाजू मांडली.

आमच्या धंद्यात याचा अनुभव रोज येतो. शस्त्रक्रिया गरजेची आहे, हे मला कितीही ठाऊक असले तरी रुग्णाची संमती घेतल्याशिवाय मला सुरी हातात घेता येत नाही. उमेदवारीच्या काळात मला कागदावरची ती सही म्हणजे नुसती कटकट वाटायची. वय वाढले तसे कळले, की ती सही माझ्या ज्ञानावर अविश्वास म्हणून नसते. ज्याच्या शरीराला चिरा बसणार त्याचा त्यात वाटा असतो, म्हणून ती असते. सरकारचेही तसेच. हेतू चांगला असला तरी विचारण्याची पायरी गाळता येत नाही. आणि ती गाळली जात असताना आत बसलेल्याने गप्प राहिले, तर त्या निर्णयाखाली त्याचीही सही झालीच.

आपल्या मंदिरात गुजराती कुटुंबेही आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो, जुनी भांडणे उकरण्यासाठी हे लिहिलेले नाही. देशमुखांनीही देशाशी वैर धरले नाही. फुटून निघण्याची भाषा त्यांनी केली नाही. संघराज्यात राहूनच त्यांनी केंद्राला त्याची मर्यादा दाखवली. राजीनाम्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. त्यासाठी शंभराहून अधिक लोकांनी प्राण दिले, हे विसरून चालणार नाही. त्यांच्यापुढे एक खुर्ची सोडणे म्हणजे काय मोठे, असे कुणी म्हणेल. पण खुर्ची सोडणारी माणसेही मोजकीच निघतात.

२ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला चिंतामणराव गेले. मुलीने निबंधात त्यांच्यावर एक परिच्छेद लिहिला. बाईंनी समासात प्रश्नचिन्ह काढून विचारले, हे कोण? आता तिला ते वर्गात सांगायचे आहे. आपल्या घरच्या मुलांनाही सांगता यावे, म्हणून हा लेख. रक्तदाबाचे पुढच्या वर्षी बघू!

गणपती बाप्पा मोरया!