प्रवरेचे पहिले चेअरमन आणि देशाच्या निधीवाटपाचं गाडगीळ सूत्र

राहाता तालुक्यातल्या लोणीच्या कारखान्याचा विषय निघाला की पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांचं नाव येतं, आणि ते यायलाच पाहिजे. पण या कारखान्याचे पहिले चेअरमन होते पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. आजच्या कॉलेजच्या पोरांना हे नाव क्वचित माहीत असतं. दिल्लीच्या सरकारी कागदांत मात्र ‘गाडगीळ सूत्र’ हा शब्द चाळीस-पंचेचाळीस वर्षं चालला. केंद्राचा पैसा पुढारलेल्या आणि मागासलेल्या राज्यांत कसा वाटायचा, त्याचं ते सूत्र. ३ मे हा गाडगिळांचा स्मृतिदिन. त्या निमित्ताने हे लिहितो आहे.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. शाळा नागपूरला, पुढचं शिक्षण इंग्लंडात केंब्रिजला. भारतातल्या उद्योगांची वाढ कशी झाली यावर तिथे केलेल्या अभ्यासाचं पुस्तक १९२४ मध्ये निघालं, तेव्हा त्यांचं वय अवघं २३. काही वर्षं सुरतेच्या कॉलेजात प्राचार्य होते. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि ते तिचे पहिले संचालक झाले.

हा माणूस नुसता पुस्तकातला नव्हता. वाई तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या शेतीचा जमाखर्च त्यांनी तपासला, त्याचा अहवाल १९४० ला छापला. शेती परवडते का, हा प्रश्न आज आपण पारावर बसून विचारतो. त्यांनी तो त्या काळी आकडे मांडून विचारला. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली, त्या समितीत ते होते. १९५४ च्या अहवालात दिसलं की शेतकऱ्याने उचललेल्या १०० रुपयांत सहकारी सोसायट्यांचे जेमतेम ३ रुपये. बाकी बहुतेक सावकाराचं.

तोवर लोणीचं काम उभं राहिलं होतं. विठ्ठलराव विखे गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून शेअर्स गोळा करत होते. मुंबई सरकारात अर्थखातं सांभाळणारे वैकुंठभाई मेहता पाठीशी होते, आणि कागद, हिशेब, कर्ज यासाठी गाडगीळ. पुण्याचा प्रोफेसर ऊसवाल्यांचा चेअरमन, हे तेव्हा अनेकांना नवलाचं वाटलं असेल. १९५०-५१ ला पहिला हंगाम निघाला. पुढे सुमारे दहा वर्षं चेअरमनपद त्यांच्याकडेच होतं.

१९६७ मध्ये ते दिल्लीत नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तोपर्यंत राज्यांना योजनेसाठी केंद्राची मदत मिळायची ती स्कीम पाहून. ज्या राज्याकडे आपला हिस्सा भरायला पैसा आणि प्रस्ताव तयार करायला अधिकारी, ते जास्त उचलणार. कर्ज किती आणि अनुदान किती, हेही प्रत्येक स्कीमचं वेगळं. पाटपाण्यासारखंच आहे हे. पाळी ठरलेली नसली की हेडचे लोक मोटारी लावून भरून घेतात आणि टेलच्या चारीला चिखलसुद्धा पोचत नाही. आमचं रान टेलला आहे, म्हणून मला हे लवकर कळतं.

गाडगिळांनी पाळी ठरवून दिली. राज्यांशी चर्चा होऊन राष्ट्रीय विकास परिषदेने चौथ्या योजनेसाठी, म्हणजे १९६९ ते १९७४ साठी, हे सूत्र मान्य केलं. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांची गरज आधी बाजूला काढायची. उरलेल्या रकमेतले ६० टक्के लोकसंख्येवर. १० टक्के फक्त त्या राज्यांना, ज्यांचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीखाली आहे. १० टक्के कर गोळा करण्याच्या प्रयत्नावर, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे आणि वीज प्रकल्पांसाठी आणि १० टक्के राज्याच्या खास अडचणींसाठी. सगळ्यांना ३० टक्के अनुदान, ७० टक्के कर्ज. त्या तीन राज्यांना उलट ९० टक्के अनुदान.

महाराष्ट्राचं उत्पन्न सरासरीच्या वर होतं. म्हणजे मराठी माणसाने केलेल्या सूत्रात मागासांच्या त्या १० टक्क्यांतला एक पैसा महाराष्ट्राला नव्हता. हे मला फार मोठं वाटतं. गावातला पुढारी आधी आपल्या वस्तीचा रस्ता करून घेतो, हे आपण रोज पाहतो.

सूत्रात खोट नव्हती असं नाही. मागासांसाठी १० टक्के हे कमीच होते. लोकसंख्येचा हिस्सा मोठा, पण माणशी पाहिलं तर बिहारसारख्या राज्याच्या पदरात फार काही जादा पडलं नाही. चालू प्रकल्पांचा पैसा तर ज्यांनी आधीच मोठी धरणं काढली होती त्यांनाच. पण सगळ्या मुख्यमंत्र्यांनी मान डोलवावी असं काहीतरी लागणार होतं. मुख्य म्हणजे कुणाला किती मिळणार हे आधी मोजता येऊ लागलं, दिल्लीत कुणाची ओळख किती यावर ते राहिलं नाही.

दुसरं एक काम त्यांच्याच काळातलं. १९६९ मध्ये आयोगाने जिल्हा योजना कशा करायच्या याच्या सूचना काढल्या. राज्याला मिळालेला पैसा तालुक्यापर्यंत पोचतो का, हा प्रश्न राहतोच. महाराष्ट्रात तो गाडगिळांनंतर गोखले संस्थेचे संचालक झालेल्या वि. म. दांडेकरांनी हातात घेतला. त्यांच्या समितीने १९८४ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांचा अनुशेष काढला, तो सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला. विदर्भ-मराठवाडा त्यात होतेच, पण उर्वरित महाराष्ट्राचाही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटा होता. दुष्काळी तालुके आपल्याकडेही आहेत.

१९७१ मध्ये गाडगिळांनी दिल्लीचं पद सोडलं. ३ मे १९७१ ला पुण्याकडे परतताना वाटेतच त्यांचं निधन झालं.

सूत्र पुढे बदलत गेलं. १९८० मध्ये प्रकल्पांचे १० टक्के काढून मागास राज्यांकडे वळवले, १९९१ मध्ये पुन्हा फेरफार होऊन ते गाडगीळ-मुखर्जी सूत्र झालं. नियोजन आयोग गेल्यावर २०१५ पासून ही मदतच थांबली. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांत करांचा वाटा वाटताना उत्पन्नातल्या फरकाला ४५ टक्के वजन दिलं, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ६.३१७ टक्के आले. लोणीचा कारखाना आज विखे पाटलांच्या नावाने चालतो.